एक जूनच्या आत

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१२ नोव्हेंबर २०२४

दादास संयूचा नमस्कार.

दिवाळीला तू आला नाहीस म्हणून रागाने पंधरा दिवस पत्र लिहिलं नाही. मग लक्षात आलं, तुझ्या वाडीत फोनला रेंज नाही, म्हणजे राग कळवायलासुद्धा पत्रच लिहावं लागणार. शिवाय महिन्याला टपाल किती येतं ते बघून वरचे लोक तुझं डाकघर ठेवायचं की बंद करायचं ते ठरवतात म्हणतोस. तेव्हा हे एक माझ्याकडून धर.

काल यांच्या पाटबंधारे कार्यालयात गेले होते. हे गेले त्याला पाच वर्षं झाली. २०१९च्या पुरात सोळा दिवस बंधाऱ्यावर पाण्याची पातळी लिहीत बसले, आणि पाणी ओसरल्यावर तापाने गेले. त्यांच्या मागे अनुकंपाच्या नोकरीला ऋतुराजचं नाव लावायचं, तर तो पंधराचा, म्हणून माझं लावलं. तेव्हा नंबर अडुसष्ट होता, आता अकरा आहे. यादी सांभाळणारे उदयसिंह भाऊसाहेब माणूस बरा आहे, गेलं की खुर्ची देतो. काल मात्र माझा शाळेचा दाखला उलटसुलट करून बघत राहिले. म्हणाले, "वैनी, तुमची जन्मतारीख एक जून ऐंशी हाय. येत्या एक जूनला पंचेचाळीस पुरी हुत्यात. पंचेचाळीस झाली की यादीतनं नाव कमी हुतंय, म्हाईत हाय न्हवं?"

मला माहीत नव्हतं. विचारलं, मग पुढं काय? तर म्हणाले, "पुढं काय न्हाय."

दादा, माझं काय, मी खानावळीत चपात्या लाटतेच आहे, खांदा साथ देतोय तोवर लाटीन. पण ऋतुराज कॉलेज अर्धं सोडून इचलकरंजीला मागावर जातो. वीस वर्षांचा पोरगा, आणि आत्ताच त्याला कमी ऐकू यायला लागलंय. मागाच्या खडखडाटाने म्हणे असंच होतं. मी कामाला लागले असते तर त्याला त्या शेडमधून बाहेर काढलं असतं. सहा महिन्यांत अकरा माणसं सरकतील का? तू सरकारी माणूस, विचारून कळव.

तुझी
संयू


शाखा डाकघर, कारवीची वाडी
२१ नोव्हेंबर २०२४

चि. संयूस दादाचे आशीर्वाद.

तुझ्या रागाचं पाकीट मिळालं. या महिन्यातलं नववं. आणखी तीनदा रागाव, म्हणजे डाकघर वाचेल.

घाबरू नकोस. सहा महिने म्हणजे पुष्कळ झाले. इथले निवृत्त ग्रामसेवक आकाराम तात्या यांच्याकडे अनुकंपाच्या नियमांची जाडजूड प्रत आहे, ती मी मागून आणलीय. जे अडेल ते मला विचारायचं, मी बघून लिहीन. एक मात्र पक्कं ध्यानात ठेव. कार्यालयात कुठलाही कागद दिलास तरी त्याची पोच घ्यायची. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही. पोच नाही तर कागद दिलाच नाही असं समजायचं. मी पंचवीस वर्षं हेच करतोय.

जन्मतारखेचं म्हणशील तर त्याला आता इलाज नाही. आपल्या वेळी निम्म्या शाळेची तारीख एक जूनच असायची. आईबापाला तारीख सांगता आली नाही की गुरुजी एक जून लिहून मोकळे व्हायचे. त्या विषयात डोकं घालू नकोस.

दादा


मंगळवार पेठ
२८ जानेवारी २०२५

दादास नमस्कार.

संक्रांतीचा तिळगूळ पाकिटात घातलाय, तुझ्या शिक्क्याखाली भुगा झाला असेल.

नंबर आठ झाला. पण एक गोष्ट मला कळली नाही, ती तुझ्या पुस्तकात बघ. यादीत माझ्या पुढे ज्ञानू म्हणून एक जण होता, नंबर पाच. वडील वारले म्हणून याचं नाव लागलेलं. जिन्यात भेटायचा, माझ्यासाठी चहा आणायचा. तो गेल्या महिन्यात मोटारसायकलवरून पडून गेला. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण खरं सांगते, जिना उतरताना मनात आलं की आता आपण सात. घरी येऊन स्वतःचीच लाज वाटली. आणि परवा यादी बघितली तर पाच नंबरवर त्याच्या धाकट्या भावाचं नाव. नंबर तोच, नाव दुसरं. मग माझ्या जागी ऋतुराजचं का लागत नाही? तो आता सज्ञान आहे. भाऊसाहेबांना विचारलं तर म्हणाले, "तसं न्हाय हुत वैनी. त्येंचं येगळं हाय." वेगळं म्हणजे काय ते सांगेनात.

सासूबाई बऱ्या आहेत. गुडघे धरतात.

संयू


कारवीची वाडी
८ फेब्रुवारी २०२५

चि. संयूस,

तिळगुळाचा भुगा बोटाने चाटून खाल्ला.

तुझा प्रश्न काढून बघितला. वाचून मी आणि तात्या दोघंही हसलो, काय करणार. नियम असा आहे. यादीत एकदा नाव लागलं की जिवंतपणी ते बदलता येत नाही. आईच्या जागी मुलगा, भावाच्या जागी भाऊ, काही नाही. पंचेचाळीस पूर्ण झाली की नाव जातं आणि त्या घराचा हक्कही जातो. पण यादीतलं माणूस त्या आधी मयत झालं, तर घरातल्या दुसऱ्या वारसाचं नाव त्याच नंबरवर लागतं. ज्ञानूचं तसं झालं. म्हणजे बघ, सरकारला म्हातारं झालेलं माणूस चालत नाही, मेलेलं चालतं. तात्या म्हणाले, "जित्यापरीस मेल्यालं बरं की ह्यास्नी." चहा नाकातून आला माझ्या.

तेव्हा तू आपली खुशाल राहा आणि नंबर सरकू दे.

दादा


मंगळवार पेठ
१८ मार्च २०२५

दादास नमस्कार.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

नंबर सहा आहे. आता कार्यालयात फार जात नाही, गेल्याने सरकत नाही हे कळलं. कागद नीट लावून ठेवायला घेतलेत. ऋतुराजचा दाखला, बारावीचं गुणपत्रक, रहिवासी, रेशनकार्ड, सगळ्याच्या तीन तीन प्रती काढून प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या आणि पिशवी बिस्किटाच्या डब्यात ठेवली. त्याच डब्यात तुझी पत्रं आहेत. त्याला डबा दाखवून ठेवलाय.

तुला दोन गोष्टी विचारायच्या होत्या. नाव बदलायला अर्ज किती दिवसांत करावा लागतो? आणि दाखला महापालिकेतून किती दिवसांत मिळतो?

ऋतुराजला भाकरी थापायला शिकवतेय. पहिली कोल्हापूरच्या नकाशासारखी झाली. सासूबाईंच्या गोळ्या कुठली कधी द्यायची तेही त्याला पाठ झालंय. बाकी सगळं ठीक.

संयू


कारवीची वाडी
२७ मार्च २०२५

चि. संयूस,

शाबास. तुझ्यासारखे कागद सगळ्यांनी लावले तर कार्यालयात निम्मी माणसं लागणार नाहीत. आणि पोराला भाकरी शिकवतेस हे फार चांगलं, उद्याच्या सुनेचा दुवा घेशील.

अर्जाला एका वर्षाची मुदत आहे. दाखला आठपंधरा दिवसांत मिळतो. पण तुला हे कशाला? कुणी ओळखीचं अडलं असेल तर माझं नाव सांग, मी लिहून देतो.

बारा एप्रिलला चैत्र पौर्णिमा. जोतिबाच्या यात्रेला गावची सासनकाठी नाचवत आम्ही येतोय. तू डोंगरावर ये. यात्रेत भेटलो की मला तुझं लहानपण आठवतं. एक गोष्टही सांगायची आहे, तिथंच सांगीन.

दादा


मंगळवार पेठ
२५ एप्रिल २०२५

दादास नमस्कार.

यात्रेला आले नाही, रागावू नकोस. गर्दीत जाऊन नवस बोलावासा वाटला नाही. आता देवाकडे मागण्यासारखं राहिलं नाही.

नंबर तीन झाला. ऐकून बरं वाटलं असेल. पण साहेबांची बदली झालीय, नवे साहेब जूनच्या मध्याला येणार, तोपर्यंत एकाही नेमणुकीवर सही नाही. भाऊसाहेब खाली मान घालून म्हणाले, "वैनी, पंधरा दिसांचा फरक पडतोय बघा." मी त्यांना म्हटलं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, घरातलं एक माणूस लागेल कामाला.

यांची पातळी लिहायची एक वही घरात राहिली होती. ती तीस मेला बंधाऱ्यावर नेऊन ठेवणार आहे. त्यांच्यानंतर तिथं कुणी नेमलेलाच नाही. खानावळीच्या मालकिणीला सांगून टाकलंय, जूनपासून दुसरी बाई बघा. सासूबाईंना यंदाच्या पावसाआधी यांच्या बहिणीकडे चार महिने पाठवावं म्हणते.

मला गेल्या पाच वर्षांत लागली नाही इतकी शांत झोप लागते. तू जप.

संयू


कारवीची वाडी
६ मे २०२५

संयू,

तुझं पत्र वाचून मी शिक्का तसाच टाकून गाडीत बसलो, हे तुला कळलंय. दोन दिवस तुझ्या घरी राहिलो. तू मटण केलंस, तांबडा रस्सा केलास, पांढरा केलास, मला वाढलंस आणि स्वतः फक्त हसत होतीस. मी तीनदा विषय काढला, तीनदा तू वाटी पुढं केलीस. ऋतुराज कामावरून येऊन भिंतीला टेकल्या टेकल्या झोपला. त्याला उठवून काय सांगू, जीभच उचलेना. समोर बसून बोलता आलं नाही म्हणून लिहितोय. असं काही करू नकोस. मी पाया पडतो तुझ्या.

मी तो नियम गंमत म्हणून लिहिला. तुझे प्रश्न आले तेव्हा कारकुनासारखी उत्तरं दिली. आठपंधरा दिवसांत मयताचा दाखला मिळतो म्हणून लिहिलं. माझ्या सख्ख्या बहिणीला मीच मुदती कळवल्या.

आणि यात्रेत जे सांगणार होतो ते आता सांगतो. तुझी खरी जन्मतारीख एक जून ऐंशी नाही. तू एक्याऐंशीच्या चैत्र पौर्णिमेची. गावच्या सासनकाठ्या डोंगरावरून परत आल्या त्या दिवशी तू झालीस, आई सांगायची, तिच्याजवळ जाऊ देत नव्हते म्हणून मी गुलालात लोळून रडलो होतो. पुढं मला शाळेची भीती. पहिलीचं वर्ष मी नुसतं रडून काढलं. दुसऱ्या वर्षी आबांनी मारलं तेव्हा म्हणालो, संयू संगं आली तरच जातो. गुरुजी म्हणाले, सहा पुरी नसतील तर नाव घालता येत नाही. आबा गप्प बसले. मी म्हणालो, "सा झाल्यात की गुरुजी." त्यांनी लिहून टाकलं, एक जून ऐंशी. मी सात वर्षांचा होतो, संयू. तुझं जवळजवळ वर्ष मी खाल्लं. ते असतं तर पुढच्या एप्रिलपर्यंत तुझं नाव यादीत राहिलं असतं, आणि तीन नंबर सहज लागला असता. तात्यांना विचारलं. शाळेच्या दाखल्यावरची तारीख आता कुणाच्या बापाला बदलता येणार नाही.

मला शिव्या दे. पण हात जोडतो, तीस तारखेला बंधाऱ्यावर जाऊ नकोस.

दादा


मंगळवार पेठ
१४ मे २०२५

दादा,

तुझा राग नाही. तू खोटं बोललास म्हणून मी शाळेत गेले, नाहीतर आबांनी मला म्हशीमागे लावलं असतं आणि आज हे पत्र लिहिता आलं नसतं.

वही तेवढी ठेवून येणार आहे. तू उगाच भलतंसलतं मनात आणू नकोस.

एक मात्र खरं खरं सांग. तो नियम तू नीट वाचलास ना? नंबर तोच राहतो ना?

संयू


मंगळवार पेठ
२३ मे २०२५

मामांना ऋतुराजचा नमस्कार.

मी कधी पत्र लिहिलेलं नाही, चुकलं तर समजून घ्या. तुमच्या वाडीत फोन लागत नाही आणि हे निरोपात सांगण्यासारखं नाही.

आईने मला बिस्किटाचा डबा दाखवून ठेवला होता. म्हणाली होती, लागेल तेव्हा उघड. गेल्या रविवारी ती आजीला आत्याकडे सोडायला गेली. जाताना आजीची सगळी लुगडी बांधली, थंडीची शालसुद्धा. मे महिन्यात शाल कशाला म्हणून विचारलं तर बोचक्याची गाठ आवळत राहिली. ती गेली तसा मी डबा उघडला. वर माझे कागद होते, खाली तुमची पत्रं. सगळी वाचली. मग पुन्हा माझे कागद बघितले, तर प्रत्येकावर मागे पेन्सिलने नंबर लिहिलेला, तीन.

मामा, मला दोन दिवस काही सुचलं नाही. आईला विचारलं असतं तर तिने मलाही वाटी पुढं केली असती. तिच्यावर नजर ठेवायची म्हटलं तर मी बारा तास मागावर. मग तुमच्या पत्रातलंच डोक्यात आलं. आईला जायचंय ते माझं नाव तिच्या जागी लागावं म्हणून. मी एकुलता एक, आजी साठ वर्षांच्या पुढची, दुसरा वारस नाही. तर माझं नाव लागणारच नाही असं केलं तर?

मंगळवारी पाळी बुडवून कार्यालयात गेलतो. अर्ज लिहिला, की मला अनुकंपाची नोकरी नको, आज नाही आणि पुढं कधीही नाही, आईचं काही बरंवाईट झालं तरी तिच्या जागी माझं नाव लावू नये. भाऊसाहेबांनी वाचला आणि चष्मा काढला.

"पोरा, डोस्कं फिरलंय व्हय? सरकारी नोकरी हाय ही. आईची झाली न्हाय तर न्हाय, पण असलं लेखी कोण देतंय?"

"मी देतोय. आवक रजिस्टरात चढवून घ्या."

"कशापायी पण?"

मी तुमचं आठ फेब्रुवारीचं पत्र त्यांच्या पुढं ठेवलं. त्यांनी वाचलं. मग म्हणाले, "तुझी आई म्हणली हुती मला, घरातलं एक माणूस लागंल कामाला." उठून पाणी प्यायले. परत आले आणि शिक्का उचलला. मी म्हणालो, पोच पाहिजे. त्यांनी माझ्या प्रतीवर शिक्का मारला, तारीख घातली, सही केली.

घरी येऊन ती प्रत मी बाबांच्या फोटोखाली चिकटवली. आई चपात्यांवरून आली, तिने वाचली. तिथंच खाली बसली. मला म्हणाली, "काय केलंस रं ह्ये, माझ्या मरणाचं बी मातेरं केलंस." आणि मला मारायला लागली. लहानपणीही मारलं नव्हतं इतकं मारलं. मी मारू दिलं. मग रडली. बाबा गेले तेव्हाही अशी रडली नव्हती.

मामा, तुम्ही या. आणि नियमांचं पुस्तक आणू नका.

ऋतुराज


मंगळवार पेठ
२० जुलै २०२५

दादास संयूचा नमस्कार.

तू येऊन आठ दिवस राहिलास, पाणी भरलंस, आणि कशाबद्दलही एक शब्द बोलला नाहीस, ते बरं केलंस.

एक जूनला ऋतुराज कामावर गेला नाही. सकाळपासून उंबऱ्यावर बसून होता. मी नळावर गेले की मागे, दुकानात गेले की मागे. दिवेलागणीला म्हणाला, "आई, आता तू कुटं बी जा." मग जेवायला बसला. भाकरी त्यानेच थापली होती. पुढच्या आठवड्यात टपालाने कागद आला, वयोमर्यादा ओलांडल्याने नाव कमी केलं आहे. सही करून घेतला. वही अजून घरातच आहे. खानावळीत दुसरी बाई टिकली नाही, त्यांनी मला परत बोलावलं.

आता जे लिहिते ते फक्त तुला. गेल्या आठवड्यात भाऊसाहेबांनी निरोप धाडला म्हणून गेले. म्हणाले, नियम बदलतोय. वय होऊन ज्यांचं नाव गेलं त्यांच्या घरातल्या दुसऱ्याचं नाव आता लावता येणार. मरायची अट काढली. मग त्यांनी आमची फाईल काढली. सगळ्यात वर ऋतुराजचा कागद. त्यावर हात ठेवून बसले आणि म्हणाले, "ह्यो नसता तर आजच्या आज घातलं असतं वैनी. लेखी नकार हाय, शिक्का हाय, सही माझीच हाय." मागे घेता येईल का विचारलं. म्हणाले, "वर इचारतो. कळवतो." किती दिवसांत ते मी विचारलं नाही. तो आवाज मला पाच वर्षं पाठ आहे.

ऋतुराजला यातलं काही सांगितलेलं नाही. त्याने ऐकलं तर हसेल, आणि त्याच्या डाव्या कानाला आता तसंही मोठ्यानेच सांगावं लागतं. तूही सांगू नकोस. तो मागावर जातो, येतो, मी घरात आहे का ते दारातूनच बघतो आणि मग चप्पल काढतो. मला बघून त्याच्या तोंडावर जे येतं ते बघितलं की मला त्या नोकरीचं काही वाटत नाही. आणि तो झोपला, की फार वाटतं.

ती पोच मी काच लावून घेतली. रोज यांच्या फोटोबरोबर पुसते. पाच वर्षांत आमच्या घरातून त्या कार्यालयात इतके अर्ज गेले. ज्याचं काम त्याच दिवशी झालं, असा तो एकच.

हे पत्र वाचून चुलीत घाल, ऋतुराज आता डबे उघडतो. पण आधी महिन्याच्या टपालात मोजून घे.

तुझी
संयू